अनेक वर्ड फाइलींची एक फाइल करताना मांडणी का मोडते आणि ती कशी सांभाळावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अहवालाची नऊ प्रकरणे पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या वर्ड फाइलींत लिहिली आहेत. ती एका फाइलमध्ये चिकटवली की शीर्षकांचा रंग आणि आकार बदलतो, प्रत्येक पानाच्या माथ्यावर पहिल्याच प्रकरणाचे नाव दिसते, पृष्ठक्रमांक मध्येच पुन्हा १ पासून सुरू होतात आणि ‘आकृती ३’ दोन ठिकाणी सापडते. हे टाळून नऊ फाइलींची एक फाइल कशी करावी?

प्रबंध, अहवाल आणि पुस्तकांच्या मुद्रणप्रती जुळवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. फाइली जोडण्याची क्रिया एका मिनिटाची असते. तक्रारीत जे बिघडलेले दिसते ते बहुतेक वेळा सुट्या फाइलींत आधीपासूनच विस्कळीत असते आणि त्या शेजारी-शेजारी आल्यावर उघडे पडते. त्यामुळे माझा बराचसा वेळ जोडण्यापूर्वीच्या तयारीत जातो, आणि या उत्तराचाही मोठा भाग त्याच तयारीविषयी आहे.

आधी ती एका मिनिटाची क्रिया सांगते. मुख्य फाइल उघडून जिथे मजकूर हवा तिथे कर्सर ठेवावा, ‘इन्सर्ट’ टॅबवरच्या ‘टेक्स्ट’ गटात ‘ऑब्जेक्ट’ या बटणाशेजारी असलेला छोटा बाण दाबावा आणि ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ निवडावे. बाणाऐवजी बटणच दाबले तर दुसरीच खिडकी उघडते, आणि तिच्यातून घेतलेली फाइल मजकूर म्हणून न येता चित्रासारखा बंद ठोकळा होऊन बसते. ‘फाइल आणली पण तिच्यात काही बदलता येत नाही’ असे कोणी सांगितले की नव्वद टक्के वेळा हेच घडलेले असते, हा माझा अंदाज आहे. या खिडकीत एकदम अनेक फाइली निवडता येतात, परंतु त्या आपल्या मनातल्याच क्रमाने येतील असे गृहीत धरू नये. नऊ-दहा फाइली असतील तर मी एकेक करूनच आणते, कारण प्रत्येक फाइल आल्यावर तिचा शेवट डोळ्यांखालून घालता येतो. फाइलींची नावे मात्र कोणत्याही परिस्थितीत ०१, ०२, ०३ अशा दोन अंकी क्रमांकाने सुरू करावीत. काही प्रणाली नावातील अक्षरे एकेक करून तुलना करतात आणि मग १ च्या पाठोपाठ १० येतो आणि २ त्याच्यानंतर येतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. ‘रिव्ह्यू’ टॅबवर ‘कम्पेअर’खाली ‘कम्बाइन’ नावाची आज्ञा आहे आणि तिच्या नावावरून अनेकांची फसगत होते. एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रतींवर दोघांनी केलेल्या दुरुस्त्या एकत्र पाहण्यासाठी ती आहे. प्रकरण एक आणि प्रकरण दोन तिच्या हवाली केले तर वर्ड एकाचा सगळा मजकूर खोडलेला आणि दुसऱ्याचा सगळा नव्याने घातलेला म्हणून दाखवतो. ‘मेल मर्ज’चाही येथे संबंध नाही, एकच पत्र अनेकांच्या नावे काढण्याची ती सोय आहे.

आता तयारी. मूळ फाइलींच्या प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढाव्यात आणि पुढचे सगळे काम त्या प्रतींवरच करावे. एखादी फाइल जुन्या ‘डॉक’ स्वरूपात असेल तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘कन्व्हर्ट’ या मार्गाने ती आधी नव्या स्वरूपात आणावी. कोणी संपादनावर बंधन किंवा पासवर्ड घातला असेल तर तो काढून घ्यावा. ‘ट्रॅक चेंजेस’मधील दुरुस्त्या ज्याच्या त्याने स्वीकाराव्यात किंवा नाकाराव्यात आणि शेरे निकाली काढावेत, हा निवाडा जोडल्यानंतरवर ढकलला तर दोनशे पानांत कोणाची दुरुस्ती कोणी मान्य करायची याचा गोंधळ होतो. मुख्य फाइलमध्येही ट्रॅकिंग बंद असल्याची खात्री करावी, नाहीतर आणलेले प्रत्येक प्रकरण अथपासून इतिपर्यंत रंगीत अधोरेखांसह येऊन उभे राहते.

त्यानंतर येतात स्टाइली, म्हणजे शीर्षक, परिच्छेद यांच्यासाठी नाव देऊन ठरवलेली रूपे. वर्डमध्ये ‘हेडिंग १’, ‘नॉर्मल’ यांसारख्या प्रत्येक स्टाइलची व्याख्या त्या त्या फाइलच्या आत साठवलेली असते. नवे ‘डॉकएक्स’ स्वरूप खरे म्हणजे एक झिप पुडके आहे. त्यात मजकुराची एक फाइल, स्टाइलींची वेगळी फाइल, क्रमांकनाची आणखी वेगळी आणि चित्रांचा एक फोल्डर असतो. दोन पुडक्यांतील मजकूर एकत्र आला आणि दोन्हींत ‘हेडिंग १’ नावाची स्टाइल असली, तर मुख्य फाइलमधली व्याख्या टिकते आणि आलेल्या फाइलमधली सोडून दिली जाते. हा नियम लक्षात घेतला की शीर्षकांचे रंग का बदलतात याचा उलगडा होतो. एका अर्थी ही चांगलीच गोष्ट आहे, कारण नऊही प्रकरणांत ‘हेडिंग १’ प्रामाणिकपणे वापरले असेल तर मुख्य फाइलमध्ये एकदा ठरवलेले रूप नऊही ठिकाणी आपोआप लागू होते.

अडचण होते ती हाताने केलेल्या सजावटीची. ज्याने शीर्षकाला स्टाइल न देता नुसते ठळक करून अक्षरांचा आकार १६ केला आहे, त्याचे शीर्षक वर्डच्या लेखी साधा परिच्छेदच असते. त्यावर स्टाइलचा बदल लागू होत नाही आणि ते अनुक्रमणिकेतही येत नाही. फरकाचे दुसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या मजकुराला कोणी हातही लावला नाही तो फाइलच्या मूळ ठरावीक फॉन्टवर विसंबून असतो, आणि हा फॉन्ट वर्डच्या आवृत्तीगणिक बदललेला आहे. २००३ पर्यंत तो टाइम्स न्यू रोमन होता, २००७ पासून कॅलिब्री झाला आणि अलीकडच्या आवृत्तीत त्याच्या जागी आप्टोस आला. परिच्छेदाखालची मोकळी जागा आणि ओळींमधले अंतरही असेच बदलत गेले. पाच जणांच्या पाच संगणकांवर लिहिलेली प्रकरणे सारखी दिसत नाहीत, यात कोणाचाच निष्काळजीपणा नसतो.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय म्हणजे सामाईक टेम्प्लेट. सर्व स्टाइली एकदाच ठरवून त्याची टेम्प्लेट-फाइल तयार करावी. मग प्रत्येक प्रकरण उघडून ‘डेव्हलपर’ टॅबवरील ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’मधून ती जोडावी आणि ‘ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स’ या चौकटीत खूण करावी. प्रकरण त्याच क्षणी नव्या रूपात दिसू लागते, आणि जिथे रूप बदलले नाही तिथे हाताने केलेली सजावट आहे हे लगेच कळते. तेवढ्या जागा निवडून ‘कंट्रोल’ आणि ‘स्पेस’ दाबले की अक्षरांवरची वरवरची सजावट निघते, ‘कंट्रोल’ आणि ‘क्यू’ दाबले की परिच्छेदावरची निघते, आणि मग योग्य ती स्टाइल द्यावी. सगळा मजकूर एकदम निवडून मात्र ‘कंट्रोल’ आणि ‘स्पेस’ दाबू नये, कारण त्यासोबत हवे असलेले तिरपे आणि ठळक शब्दही साधे होऊन जातात.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना याच टप्प्यावर आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते. वर्ड एकाच शब्दासाठी दोन फॉन्टांची नोंद ठेवतो, एक लॅटिन अक्षरांसाठी आणि दुसरा देवनागरीसारख्या लिप्यांसाठी, ज्यांना तो ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणतो. आकार आणि ठळकपणा यांच्याही अशाच दोन नोंदी असतात. टेम्प्लेटमध्ये स्टाइल ठरवताना फॉन्टच्या खिडकीतील फक्त वरचा भाग बदलला आणि खालचा तसाच ठेवला, तर इंग्रजी शब्द ठरल्याप्रमाणे येतात आणि मराठी मजकूर हलत नाही. ‘स्टाइल लागूच होत नाही’ ही तक्रार बहुधा इथून निघते. लिबरऑफिसमध्येही ‘वेस्टर्न’ आणि ‘सीटीएल’ असे दोन विभाग असतात, तिथेही हीच काळजी घ्यावी.

याहून गंभीर बाब जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांची आहे. त्या पद्धतीत फाइलमध्ये प्रत्यक्षात लॅटिन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि केवळ फॉन्टमधील चित्रांमुळे ते देवनागरी दिसतात. अशी फाइल युनिकोड फाइलमध्ये आणली आणि स्टाइलने फॉन्ट बदलला की संपूर्ण प्रकरणाची निरर्थक रोमन अक्षरे होतात. नऊपैकी एकही फाइल अशी असेल तर ती जोडण्यापूर्वी योग्य परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावी आणि नंतर शब्दन् शब्द वाचून काढावी. रफार, जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे येथे हमखास चुकतात. रूपांतर झाले म्हणजे वाचनाचे काम टळले, असे समजू नये.

आता त्या भागाकडे येते ज्यामुळे सर्वाधिक रात्री वाया जातात, म्हणजे सेक्शन, फाइलचा स्वतःची पानरचना असलेला भाग. पानाचा आकार, समास, पान उभे की आडवे, हेडर (पानाच्या माथ्यावरचा मजकूर), फुटर (तळाचा मजकूर) आणि पृष्ठक्रमांक कुठून सुरू व्हावा, ही माहिती वर्ड पानागणिक ठेवत नाही, सेक्शनगणिक ठेवतो. आणि प्रत्येक सेक्शनची माहिती त्याच्या शेवटी असलेल्या सेक्शन ब्रेकमध्ये असते. ज्या फाइलमध्ये एकही ब्रेक नाही, तिचे सगळे मिळून एकच सेक्शन असते आणि त्याची माहिती फाइलच्या अगदी शेवटच्या परिच्छेदापाशी दडलेली असते. मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये नेला की ही शेवटची माहिती सहसा मागेच राहते, मजकूर मुख्य फाइलच्या सेक्शनमध्ये विरघळतो आणि त्याचे हेडर, समास, आडवी पाने सारे हरवते.

म्हणून ज्या फाइलचे हेडर-फुटर आणि पानांची रचना तशीच राखायची आहे, तिच्या शेवटी जोडण्यापूर्वी एक ब्रेक घालावा: ‘लेआउट’ टॅब, ‘ब्रेक्स’, आणि त्यात ‘नेक्स्ट पेज’. आता तिची सगळी मांडणी त्या ब्रेकमध्ये बंदिस्त झाली आणि मजकुरासोबत ती प्रवास करू शकते. मुख्य फाइलमध्येही पहिले प्रकरण आणण्यापूर्वी मुखपृष्ठ व प्रस्तावनेच्या शेवटी असाच ब्रेक असावा. मात्र प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ब्रेक आहेच आणि वर आपण दोन प्रकरणांच्या मध्ये आणखी एक घातला, तर मध्येच कोरे पान उगवते. ब्रेक डोळ्यांना दिसावेत म्हणून ‘होम’ टॅबवरची परिच्छेद-खुणेची कळ दाबून ठेवूनच हे काम करावे. खुणा न पाहता सेक्शन हाताळणे म्हणजे अंधारात सुई ओवण्यासारखे आहे.

हे सारे समजल्यावर पहिल्या प्रकरणाचे नाव प्रत्येक पानावर का दिसते याचे उत्तर आपोआप मिळते. ज्या सेक्शनला स्वतःचे हेडर नाही तो आधीच्या सेक्शनचे हेडर उसने घेतो. हेडरमध्ये दोनदा क्लिक केल्यावर ‘लिंक टू प्रीव्हियस’ नावाचे जे बटण दिसते, ते याच नात्याचे आहे. हेडर बदलायचे असेल तर आधी ते बटण बंद करावे आणि नंतरच नवा मजकूर लिहावा. क्रम उलटा झाला तर मागचे हेडरही बदलते. हेडर आणि फुटर यांची नाती वेगळी असतात. ‘पहिले पान वेगळे’ किंवा ‘सम-विषम पाने वेगळी’ हे पर्याय चालू असतील तर त्या प्रत्येकाचे नाते वेगळे तोडावे लागते, हे विसरले जाते.

ब्रेक पुसण्याबाबत एक इशारा देते, कारण मी स्वतः त्यात फसले आहे. एका अहवालाचे शेवटचे परिशिष्ट रुंद तक्त्यांसाठी आडव्या पानांवर होते. छपाईच्या आदल्या रात्री त्याच्या आधीचा ब्रेक मला अनावश्यक वाटला, मी तो पुसला आणि त्याच्या मागचे संपूर्ण प्रकरण क्षणात आडवे झाले. ब्रेक पुसला की त्याच्या आधीचा मजकूर पुढच्या सेक्शनची मांडणी धारण करतो, कारण त्याची स्वतःची मांडणी त्या पुसलेल्या ब्रेकमध्ये होती. सर्वसाधारण समजूत याच्या नेमकी उलट असते. ‘अनडू’ने त्या रात्री वाचवले. तेव्हापासून मी मुख्य फाइलच्या शेवटच्या सेक्शनमध्ये संदर्भसूची आधीच टाकून ठेवते; त्यामुळे शेवटच्या प्रकरणाचा ब्रेक पुसण्याचा मोहच होत नाही आणि मुख्य फाइलची मूळ मांडणीही शाबूत राहते.

असे असले तरी नऊही प्रकरणांची हेडरे जपण्याचा खटाटोप करावा का, हा वेगळा प्रश्न आहे. प्रकरणे एकाच अहवालाची असतील तर माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यांची जुनी हेडरे येऊच देऊ नयेत. मुख्य फाइलमध्ये सगळ्या सेक्शनांसाठी एकच हेडर ठेवावे आणि त्यात ‘स्टाइलरेफ’ हे फील्ड, म्हणजे आपला मजकूर वर्डकडून आपोआप भरून घेणारी जागा, घालावे: ‘इन्सर्ट’, ‘क्विक पार्ट्स’, ‘फील्ड’, मग यादीतून ‘स्टाइलरेफ’ आणि स्टाइल म्हणून ‘हेडिंग १’. हे फील्ड प्रत्येक पानावर त्या पानाला लागू असलेले प्रकरणाचे शीर्षक स्वतः शोधून छापते. नऊ हेडरे, नऊ नाती, नऊ ठिकाणच्या चुका यांतून एका फील्डने सुटका होते. इतकी उपयुक्त सोय इतकी अपरिचित का राहिली, याचे मला नेहमी नवल वाटते. जुनी मांडणी जपायची ती परिशिष्टे, प्रपत्रे किंवा आडवे तक्ते अशा स्वतंत्र रूप असलेल्या भागांचीच.

पृष्ठक्रमांकांचा गोंधळही सेक्शनचाच आहे. ‘फॉरमॅट पेज नंबर्स’ या खिडकीत ‘कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन’ आणि ‘स्टार्ट अॅट’ असे दोन पर्याय असतात, आणि आलेल्या सेक्शनमध्ये दुसरा पर्याय शिल्लक असेल तर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो. प्रस्तावनेला रोमन अंक हवे असतील तर तिच्या सेक्शनमध्ये तसे स्वरूप निवडावे, पहिल्या प्रकरणाच्या सेक्शनमध्ये १ पासून सुरुवात ठेवावी आणि त्यापुढच्या प्रत्येक सेक्शनमध्ये ‘कंटिन्यू’ असल्याचे एकेक करून पाहावे.

क्रमांकांचे दुसरे कुटुंब मजकुरातील आहे. प्रकरणांना आणि उपशीर्षकांना १, १.१, १.१.१ असे क्रमांक हवे असतील तर मुख्य फाइलमध्ये एकच बहुस्तरीय यादी करून तिचे स्तर ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’, ‘हेडिंग ३’ या स्टाइलींना जोडावेत; मग तिसरे प्रकरण कितव्या जागी आणले यावरून त्याचे क्रमांक ठरतात. ज्यांनी क्रमांक हाताने टाइप केले आहेत त्यांच्या फाइलींतून ते जोडण्यापूर्वी काढून टाकावेत, अन्यथा ‘३.१ १.१ पद्धती’ अशी शीर्षके दिसतात. मजकुरातल्या साध्या क्रमवार याद्या मात्र जोडल्यानंतर तपासाव्या लागतात. आधीच्या प्रकरणातील यादी ७ वर संपली आणि पुढच्या प्रकरणातील ८ पासून सुरू झाली, असे होऊ शकते. त्या क्रमांकावर उजवी कळ दाबून ‘रीस्टार्ट अॅट १’ निवडले की काम होते.

‘आकृती ३’ दोनदा का येते? एकाने ती ‘रेफरन्सेस’ टॅबवरील ‘इन्सर्ट कॅप्शन’ने दिली आहे आणि दुसऱ्याने हाताने लिहिली आहे, म्हणून. कॅप्शनमधला क्रमांक फील्ड असतो, तो एकत्र आल्यावर नव्याने मोजला जातो; हाताने लिहिलेला अंक अंकच राहतो. ‘पाहा आकृती ३’ यांसारख्या उल्लेखांचेही तसेच आहे. ‘क्रॉस-रेफरन्स’ने घातलेला उल्लेख आपल्या आकृतीमागे जातो, टाइप केलेला जागच्या जागी चुकीचा होतो. क्रॉस-रेफरन्स हे पडद्यामागे लपवलेल्या बुकमार्कांवर, म्हणजे मजकुरातल्या नाव दिलेल्या खुणांवर, चालतात, आणि एका फाइलमध्ये एकाच नावाचे दोन बुकमार्क राहू शकत नाहीत. सर्व प्रकरणे एकाच जुन्या फाइलची प्रत काढून लिहिली असतील तर नावांची टक्कर होण्याचा धोका असतो, आणि मग एखादा उल्लेख भलत्याच आकृतीकडे बोट दाखवतो किंवा ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असे छापून येते. अशा कामात प्रत्येक उल्लेख एकदा प्रत्यक्ष क्लिक करून पाहण्याला मला पर्याय सापडलेला नाही.

तळटिपांचा त्रास फारसा होत नाही. त्या योग्य आज्ञेने घातलेल्या असतील तर सलग मोजल्या जातात, आणि प्रत्येक प्रकरणात १ पासून हव्या असतील तर तळटिपांच्या खिडकीत ‘रीस्टार्ट ईच सेक्शन’ निवडावे. प्रकरणागणिक सेक्शन असल्यामुळे ते बरोबर लागू होते. झोटेरोसारखे संदर्भ-व्यवस्थापक वापरले असेल तर उल्लेखांची फील्डे साध्या मजकुरात बदलू न देता आणावीत, प्रत्येक प्रकरणाअखेरची सूची काढून टाकावी आणि शेवटी एकच सूची घालून ताजी करावी. चित्रांबाबत एवढेच, की ती शक्यतो ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवावीत. तरंगती चित्रे समास बदलताच भलतीकडे सरकतात. वर्डची कमाल मर्यादा ५१२ एमबी आहे, तिच्याजवळ कोणी सहसा जात नाही, परंतु जड चित्रांनी भरलेली फाइल त्याच्या कितीतरी आधीच संथ होते. म्हणून ‘कम्प्रेस पिक्चर्स’ ही आज्ञा वापरावी, आणि मूळ चित्रे वेगळी जपावीत.

प्रकरणे अजून लिहिली जात असतील तर काय करावे, हे विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’च्या खिडकीत ‘इन्सर्ट’ बटणाच्या बाणाखाली ‘इन्सर्ट अॅज लिंक’ आहे. त्याने मजकुराऐवजी ‘इन्क्लूडटेक्स्ट’ नावाचे फील्ड येते. मूळ फाइल बदलली की मुख्य फाइलमध्ये ते निवडून ‘एफ९’ दाबावे आणि नवा मजकूर आणावा. काम संपल्यावर ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एफ९’ दाबले की दुवा तुटून साधा मजकूर उरतो. सावधगिरी एकच: त्यासाठी सगळे निवडून ही कळ दाबली तर अनुक्रमणिका आणि क्रॉस-रेफरन्सही निर्जीव होतात. दुवा फाइलच्या मार्गावर अवलंबून असल्याने फोल्डर हलवल्यास तो तुटतो, हेही ध्यानात असू द्यावे. ‘आउटलाइन’ दृश्यातून करायची ‘मास्टर डॉक्युमेंट’ची सोय याच कामासाठी आहे. तिच्यात उपफाइलींच्या स्टाइली आणि क्रमांक बिघडलेले मी इतक्या वेळा पाहिले आहेत की वर्डमध्ये ती मी वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

लिबरऑफिस रायटरमधली मास्टर डॉक्युमेंटची सोय मात्र विश्वासार्ह आहे. ‘फाइल’, ‘न्यू’, ‘मास्टर डॉक्युमेंट’ केल्यावर नॅव्हिगेटरच्या खिडकीत प्रकरणांच्या फाइली हव्या त्या क्रमाने लावता येतात, क्रम बदलता येतो आणि शेवटी ‘एक्स्पोर्ट’ करून एकसंध फाइल काढता येते. नुसते जोडायचे असेल तर ‘इन्सर्ट’ मेन्यूत ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ आहेच. तिथे सेक्शन ब्रेकऐवजी पानाची मांडणी पेज-स्टाइलीत असते, म्हणून प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये ‘आधी पानखंड, अमुक पेज-स्टाइलसह’ अशी सूचना द्यावी. गूगल डॉक्समध्ये फाइली जोडण्याची आज्ञा नाही. तिथली प्रकरणे वर्ड स्वरूपात उतरवून घ्यावीत, वरील पद्धतीने जोडावीत आणि हवे असल्यास एकत्रित फाइल परत चढवावी. एका दस्तऐवजात सुमारे १० लाख २० हजार अक्षरांची तिथे मर्यादा आहे.

फाइली नऊऐवजी नव्वद असतील आणि दर महिन्याला त्या जोडायच्या असतील, तर एक लहान मॅक्रो, म्हणजे वर्डच्या आज्ञा आपोआप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहावा, ज्यात फोल्डरमधील नावांच्या क्रमाने ‘इन्सर्टफाइल’ ही आज्ञा चालेल. मजकूर महत्त्वाचा आणि सजावट नव्याने करायची असेल तर पॅनडॉक हे मोफत साधन अनेक फाइली एका आज्ञेत घेऊन एक फाइल काढते आणि नमुना-फाइल दिल्यास तिच्या स्टाइली लावते. हेडर, फुटर आणि पानांची रचना ते सोबत आणत नाही, हे आधीच जाणून घ्यावे. आणि फक्त एकत्र छापून द्यायचे असेल, पुढे कोणी काही बदलणार नसेल, तर वर्डमध्ये जोडण्याचा आग्रहच सोडावा. प्रत्येक फाइलची पीडीएफ करून त्या पीडीएफ जोडाव्यात. पान जसेच्या तसे राहते; सलग पृष्ठक्रमांक आणि सामाईक अनुक्रमणिका मात्र मिळत नाहीत.

जोडणी झाल्यावर मी ठरावीक क्रमाने तपासते. प्रथम ‘कंट्रोल’ आणि ‘ए’ने सगळे निवडून ‘एफ९’ दाबते आणि अनुक्रमणिकेबद्दल विचारणा झाल्यास ‘अपडेट एन्टायर टेबल’ निवडते. या निवडीत हेडर, फुटर आणि तळटिपा येत नाहीत, तिथली फील्डे वेगळी पाहावी लागतात. नंतर ‘नॅव्हिगेशन’ पट्टी उघडून शीर्षकांची उतरंड वाचते. तिथे जे शीर्षक दिसत नाही ते हाताने सजवलेले असते. मग ‘एरर!’ हा शब्द शोधते. शेवटी छपाईच्या पूर्वदर्शनात प्रत्येक प्रकरणाचे पहिले आणि शेवटचे पान पाहते, कारण सेक्शनची चूक असली तर ती याच दोन पानांवर दिसते. यात काही बिघडलेले आढळले आणि दुरुस्ती मोठी असेल तर ती एकत्रित फाइलमध्ये करत बसत नाही; सुट्या प्रकरणात जाऊन दुरुस्त करते आणि पुन्हा जोडते.